हलका डेस्कटॉप

जऊळक्याच्या स्टेशनावर मी जुना लॅपटॉप उघडून बसले होते. त्यात लिनक्स प्रणाली टाकली होती, पण झगमगीत डेस्कटॉपमुळे तो नुसता रांगत होता. तो भंगारात द्यायचं मी ठरवलंच होतं.

शेजारी शेंगा सोलत बसलेले एक काका वाकून पाहत होते. “ताई, याले लग्नाले न्यायचं हाये का? काहून एवढं सजवलं?”

रुमालाला हात पुसून त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यावरूनच आधी एक्सएफसीई हा साधा, हलका डेस्कटॉप चालवून दाखवला, मग त्याहून हलका, नुसता ओपनबॉक्स. त्यात पडदा अगदी कोरा.

“मले हेच आवडते. पण तुमाले मेनू लागन, पहिलाच घ्या.”

मी पहिला निवडला. क्लिक करताच खिडकी पटकन उघडली. काकांनी टाळी वाजवली, “पाहा, कसा पयते!”

आम्ही इतके रमलो, की आमची गाडी आली आणि निघूनही गेली.

“जाऊ द्या,” काका खुशीत म्हणाले, “आता तिसरा दाखवतो.”