खालच्या पट्टीतला सांबा

माझ्या बोटांना स्वस्थ बसवत नाही. स्टिअरिंगवर, जेवणाच्या टेबलावर, ऑफिसात मीटिंग चालू असताना लॅपटॉपच्या कडेवर, कुठेही ती केरवा वाजवत असतात. मुलगी लहानपणापासून ओरडत आली आहे, "बाबा, स्टॉप टॅपिंग!" त्या वर्षी मात्र बोटांनी ताळतंत्रच सोडलं होतं, कारण बायकोने गाणं बंद केलं होतं आणि माझा तबला कपाटात पाहुण्यांच्या गाद्यांमागे जाऊन बसला होता.

बायको काळी चारमध्ये गाणारी. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा तिचा सा, आणि तिथून वर ती हसतखेळत जायची. अमेरिकेतल्या प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळात दिवाळीच्या कार्यक्रमाला तिचं भावगीत आणि माझा तबला हे ठरलेलं असायचं. मग पन्नाशी आली, पाठोपाठ थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि वरचे सूर लागेनात. डॉक्टर म्हणाले, आवाज अगदी नॉर्मल आहे. त्यांचं काय जातंय म्हणायला!

"पट्टी उतरव ना थोडी," असं मी एकदाच म्हणालो. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी निमूट भांडी घासायला घेतली. पुण्यात ती ज्या बाईंकडे शिकली, त्यांच्या क्लासात पट्टी उतरवणारीला गाण्यातून उतरलेलीच समजायचे. मी तो विषय सोडून दिला. डोक्यातून काही तो गेला नाही.

सप्टेंबरात मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. चांगला मुलगा आहे, पण घायकुत्या. "काकू, यंदा तरी गा ना. लाइव्ह नको असेल तर तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगचा ट्रॅक लावू, तुम्ही फक्त या."

"नाही रे, गळा बरा नाही. माझं नाव कॅन्सलच कर," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. मी घरभर फेऱ्या मारल्या. गॅरेजमध्ये जाऊन आलो, मागच्या अंगणात जाऊन आलो. ट्रॅक लावणार म्हणे! म्हणजे तीही नको आणि मीही नको. ती पुन्हा कधी गाणारच नाही असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि मी घाबरलो.

ऑफिसात माझ्या शेजारी एक ब्राझीलचा माणूस बसतो. माझ्याच वयाचा, माझ्यासारखंच पोट सुटलेला. एका दुपारी लंचच्या वेळेला तो मला ओढतच पार्किंगमध्ये घेऊन गेला. त्याच्या तरुणपणीचा एक बँड होता, तिकडचा नाचरा सांबा आणि अमेरिकेतलं सोल संगीत मिसळून वाजवणारा. कित्येक वर्षांपूर्वी तो मोडला. आता ती सगळी मंडळी पिकल्या केसांनी पुन्हा एकत्र आली होती आणि त्यांनी नवा अल्बम काढला होता. बाहेर ऊन रणरणत होतं. एसी फुल्ल करून त्याने गाणं लावलं. आधी गिटार आली, मग खुळखुळणारा डफ, मग ट्रम्पेट, आणि या सगळ्यावर एक म्हातारा, घोगरा आवाज.

"आवाज गेलाय याचा," मी म्हणालो.

"गेलाय ना," तो आनंदाने म्हणाला. "पण तू बँड ऐक."

मी कसला बँड ऐकतोय! मी सा शोधत होतो. त्याच गाण्याचं जुनं रेकॉर्डिंग घरी शोधून काढलं, फोनमधला तानपुरा लावला आणि दोन्ही ताडून पाहिली. जुन्यात काळी तीन, नव्यात काळी दोन. म्हाताऱ्याने सरळ पट्टी उतरवली होती, आणि आमच्या ऑफिसातला तो माणूस तरीही पार्किंगमध्ये नाचायचा बाकी राहिला होता. मला घबाड सापडल्यासारखं झालं.

शनिवारी आम्ही दोघं वाणसामानाला निघालो तेव्हा टोलवेवर चढल्याबरोबर मी ते जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि लगेच नव्या अल्बममधलं. तिने डोळे मिटले. मला कुठला धीर!

"याने पट्टी उतरवलीय, कळलं का?"

"पहिल्या ओळीत कळलं," ती म्हणाली. "आणि मला हे कशाला ऐकवतोयस तेही कळलं."

माझा एक्झिट चुकला. तिने पुढे होऊन गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"तू गाणाऱ्याला ऐकतोयस. त्याच्या मागच्यांना ऐक. ओळ उचलायच्या आधी तो थांबतोय बघ. त्याला सूर सापडायला वेळ लागतोय. आणि मागे कोणालाही घाई नाहीये."

"बरं, मग?"

"मग काही नाही. मी रोज गाते. पांढरी चारमध्ये."

पांढरी चार म्हणजे तिच्या पट्टीच्या चांगलं खाली. "कुठे गातेस?"

"ऑफिसला जाताना. ड्राइव्ह करताना. एकटीच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू लगेच तबला काढला असतास."

मला राग आला. चांगलाच आला. इतकी वर्षं साथ केली, आणि ही बया माझ्यापासून गाणं लपवून ठेवते! दुकानाशी पोचेपर्यंत मी स्टिअरिंगवर ताडताड केरवा बडवला. ती पिशव्या घेऊन आत गेली. मी गाडीतच बसलो आणि भांडायला मुद्दे सापडावेत म्हणून ते गाणं तिसऱ्यांदा लावलं, या वेळी फक्त डफासाठी. म्हातारा ओळ संपवून दम घेत होता, आणि डफवाला त्या जागेत काहीच करत नव्हता. मी असतो तर तिथे एकच तुकडा तीनदा वाजवून तिहाई नक्की ठोकली असती. पुढच्या ओळीआधीही ठोकली असती. मी गाणं बंद केलं. तिने श्वासाला थांबावं आणि मी ती जागा भरून टाकावी, हेच मी इतकी वर्षं करत आलो होतो.

रविवारी सकाळी मी तबला बाहेर काढला. वादीखालचे लाकडी गठ्ठे वर सरकवून, हातोडीने ठोकून त्याला पांढरी चारपर्यंत खाली आणला. काळी चारचा तबला तो, इतका उतरल्यावर ढब्ब बोलायला लागला. तिने ते ऐकलं, हातातला चहा संपवला आणि पेटी पुढे ओढली.

मी केरव्याचा साधा ठेका धरला. तिने मुखडा घेतला. आवाज जाड झाला होता, थोडा कोरडाही. अंतऱ्याआधी ती थांबली. फार वेळ थांबली. माझी बोटं नुसती शिवशिवत होती. काहीतरी वाजवून तिला उचलून धरावं, निदान ती थांबलीय हे झाकावं, असं वाटत होतं. मी ठेकाच वाजवत राहिलो. तिने वरचा सूर लावला तो आधी खाली पडला, कापला, आणि मग सावकाश जागेवर गेला. मला रडू येत होतं आणि मी मात्रा मोजत होतो.

गाणं संपलं. कार्यक्रमाचं मी विचारलं नाही. तिने भात्यावरचा हात काढला नव्हता.

"पुन्हा घेऊ," ती म्हणाली. "आणि अजून हळू."