बत्तिसावं चाक

नेडीन ऑस्ट्रँडरचा नवरा हॉलिस गेला तो बर्फावर नाही, स्वयंपाकघरात, हातात लोणी लावलेला पाव घेऊन. गोठलेल्या नदीवरून हजार हजार मैल सायकल हाकलेला माणूस हा. त्याने निदान एखाद्या वादळात तरी जायला हवं होतं, असं सगळ्या स्प्रूस लँडिंग गावाचं मत पडलं. पोस्ट सांभाळणारी पर्ल टिटस तर नेडीनच्या तोंडावर म्हणाली, "एवढी अस्वलं चुकवली बाई त्याने, आणि शेवटी पावाने गाठलं." नेडीन हसली. म्हणजे तिचं तोंड हसलं. बाकीची नेडीन त्या फेब्रुवारीपासून कुठे होती, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

लोकांनी मूस हरणाच्या मांसाचं सूप आणून आणून तिचा फ्रीजर भरला. तिने डबे धुऊन, पुसून, ज्याचे त्याला परत केले. रडली नाही. दुसऱ्या दिवशी सायकलचं दुकान उघडलं आणि तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी वाकडा रिम सरळ करताना दिसली. गावाला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. सांत्वनाची एवढी तयारी केलेली, आणि बाई आरे पिळत बसलेली.

डिसेंबरात ऑर्व्हिल लिंडक्विस्ट नवी फ्रेम खांद्यावर टाकून तिच्या दुकानात आला. ऑर्व्हिल सहासष्ट वर्षांचा, जातीचा वेल्डर. आधी लोकांच्या तुटक्या स्लेज जोडायचा, मग जाड टायरच्या सायकली बनवायला लागला. टॅनाना नदीच्या त्या अंगाला बर्फावर जी सायकल चालते, ती बहुतेक त्याच्या हातची. पण गाव फ्रेम घेतं ते नेडीनला विचारून. ती 'बरी आहे' म्हणाली की बरी. ती गप्प बसली की ऑर्व्हिलने ती फ्रेम भंगारात टाकायची.

"शुक्रवारपर्यंत सांग," ऑर्व्हिल म्हणाला. "बारा फ्रेमच्या नळ्या मागवायच्यात. खांदा असा झालाय की अजून एक हिवाळा वेल्डिंग होईल, दुसऱ्याचा भरवसा नाही. ही शेवटची खेप धर."

"शेवटची तू गेल्या वर्षीही केली होतीस."

"गेल्या वर्षी मी तरुण होतो."

तो गेल्यावर नेडीनने पहिलं काम केलं ते मोजमापाचं नाही. भिंतीवरची हॉलिसची चाकं काढली आणि फ्रेममध्ये धरून पाहिली. मागचं चाक आत नुसतं लोंबकळलं, दोन्ही बाजूंना दीडदीड बोट फट. पुढचंही बसेना. तिने चाकं परत खुंटीला लावली. फ्रेम नापास हे तिचं तेव्हाच ठरलं. पण नापास करायला कारण लागतं, आणि 'माझ्या नवऱ्याची चाकं बसत नाहीत' हे कारण वहीत लिहिता येत नाही.

कारण मात्र हजर होतं, आणि चांगलं वजनदार होतं.

त्या नदीवर जुनी माणसं पुढचं चाकही मागच्यासारखंच बनवून घेत. चाकाच्या मध्यावरचा तोच हब, तेवढीच रुंदी, वर हबला घट्ट बसवलेलं एक दातेरी चक्रही. थंडीने मागच्या चाकाचं फ्रीव्हील गोठलं, आतले खटके अडकेनासे झाले, की पायडल नुसतं पंख्यासारखं फिरतं. सायकल जागची हलत नाही. मग पुढचं चाक काढायचं, मागे लावायचं, मागचं पुढे, आणि घरी यायचं. पुढच्यात फ्रीव्हीलच नसतं, तर गोठणार काय? हॉलिस दोनदा असाच घरी आला होता. ऑर्व्हिलच्या नव्या फ्रेमला मागचा हब वीतभर रुंद आणि पुढचा अरुंद. अदलाबदल बंद.

"अगं, टायर जाड झाले," त्याने आधीच सांगून टाकलं होतं. "जुन्या रुंदीत चेन टायरला घासते. आणि जुन्या मापाचे भाग आता कोण बनवतं? मी मेल्यावर लोकांनी काय माझ्या थडग्यावर बसून हब कातायचे?"

नेडीनने चार दिवस रीतसर काम केलं. तिच्या कामात खोट काढणारा अजून जन्मायचा होता. नवे भाग खोक्यातून काढून सायकल जोडली. टायर आणि नळी यांत करंगळी जाते का पाहिलं, गेली. चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर चढवून टायरपासूनचं अंतर पाहिलं; पोस्टकार्डाची गड्डी जाईल एवढं. वरची नळी ऑर्व्हिलने बरीच खाली वाकवली होती, म्हणजे खोल बर्फात पडलं तर पाय चटकन जमिनीला टेकेल. हे सगळं तिने वहीत लिहिलं. खाली एक ओळ मोकळी ठेवली, निकालाची.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे डिसेंबरात तिथे उजाडता उजाडता, ती निघाली. तापमान उणे अडतीस. नऊ मैलांवरच्या शिकाऱ्यांच्या झोपडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पर्ल पोस्टाच्या दारातून ओरडली, "तासाभराने परत आलीस तर समजेन की फ्रेम वाईट. आलीच नाहीस तर फारच वाईट."

फ्रेम वाईट नव्हती. नेडीनला हे दुसऱ्या मैलालाच कळलं आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. सायकल भुसभुशीत बर्फावर तरंगत होती, वळणावर नाक खुपसत नव्हती. झोपडीशी ती वीस मिनिटं थांबली, नळ्यांवरचे सांधे चाचपले, वहीत दोन ओळी खरडल्या, मागे फिरली. पाचेक मैल आल्यावर पायडल एकदम हलकं झालं. तिने जोर लावला. पाय गरकन फिरले, चाक नाही.

ती उतरली. सामानातून प्लॅस्टिकच्या बांधायच्या पट्ट्या काढल्या, चक्र आऱ्यांना बांधून पाहायला. पहिली बिस्किटासारखी तुटली, दुसरीही. गावात आणखी एक उपाय चालतो, पण तो पुरुषांना उभ्याउभ्या जमतो, आणि त्या थंडीत त्यांनीही दोनदा विचार करावा असा आहे. घर चार मैल होतं. झोपडी पाच.

'झालं,' तिच्या मनात आलं. 'कारण मिळालं.' आनंद नाही, दुःख नाही. वहीत एक माप भरावं तसं.

ती ढकलत निघाली. उतारावर एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने रेटा दिला, तर सायकल सुरेख घसरत गेली. वरची नळी खाली असल्यामुळे पाय पटकन पलीकडे जात होता. जुन्या फ्रेमवर हे जमलं नसतं, हेही तिने पाहून ठेवलं. उजव्या हाताची करंगळी केव्हा जाणवेनाशी झाली ते मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

शेवटच्या मैलावर पर्लची बर्फावर चालणारी स्नोमशीन समोरून फटफटत आली.

"चालायलाच निघायचं होतं तर सायकल कशाला नेलीस?"

"फ्रीव्हील गोठलं."

पर्लने पुढच्या अरुंद चाकाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत बातमी चमकली. "म्हणजे जुनी फ्रेम असती तर चाक बदलून केव्हाच घरी आली असतीस."

"आले असते."

"ऑर्व्हिलला मी सांगू की तू सांगतेस? मी सांगितलं तर जरा रंगवून सांगीन."

"मी सांगते."

ऑर्व्हिलच्या शेडमध्ये शेगडी पेटलेली होती. त्याने सायकलकडे एकदा पाहिलं. स्टूल पुढे सरकवलं, नेडीनचा उजवा हातमोजा ओढून काढला आणि करंगळी पाहिली. मेणासारखी पांढरी.

"दुखतंय?"

"नाही."

"दुखायला लागलं की सांग." मग शेगडीकडे पाहत म्हणाला, "फ्रेमचं काय ते बोलून टाक. मी काही लहान नाही."

ती बोलली असती तर संपलं होतं. पर्ल दारात कान टवकारून उभी, बारा फ्रेमच्या नळ्या मागवायच्या राहिल्या असत्या, आणि गावातल्या एकाही माणसाने नेडीनला खोटं म्हटलं नसतं. पण गोठलेला हब उघडून पाहायचा ही तिची सवय. तिने डाव्या हाताने मागचं चाक काढलं, फ्रीव्हील उपसलं आणि टेबलावर ठेवलं. आत कारखान्याचं ग्रीस होतं. पिवळं, घट्ट, केकवरच्या क्रीमसारखं.

पर्ल दारातून पुढे येऊन टेबलावर वाकली.

हे नीट समजून घ्यायला हवं. ऑक्टोबरात नदी गोठायला लागली की गाव आपापली चाकं नेडीनकडे आणतं. ती प्रत्येक हब उघडते, थंडीत घट्ट होऊन खटके धरून ठेवणारं ग्रीस धुऊन काढते, पातळ तेलाचे चार थेंब सोडते. गाव याला चाकाची आंघोळ म्हणतं. दुकानाच्या भिंतीवर यादी असते. यंदा एकतीस नावं होती आणि एकतिसांपुढे खूण. ग्रीस ठेवून नदीवर जाणं म्हणजे चड्डीवर जाणं, हे तिथल्या पोराटोरांनाही कळतं.

"हे खोक्यातून आलं तसंच लावलं?" ऑर्व्हिलने हळूच विचारलं.

"हो."

"तू?"

"घरची चाकं हॉलिस करायचा," नेडीन म्हणाली. "मी गावाची. तेवीस वर्षं."

ऑर्व्हिलने शेगडीत एक लाकूड सारलं. 

"अदलाबदल होत नाही, हे खरं आहे," नेडीन पुढे म्हणाली. "ते वहीत लिहीन. नवशिक्याने ही घेऊन नदीवर एकट्याने जाऊ नये, हेही लिहीन. पण फ्रेमने मला अडवलं नाही. चार मैल ढकलताना हिनेच जरा हातभार लावला. नळ्या मागव."

ऑर्व्हिलने नाक पुसलं. "एक जुन्या मापाची करून देतो तुला. त्याची चाकं बसतील अशी. खांदा तेवढा टिकेल."

"नको. चेन घासेल." मग उजव्या हाताकडे पाहून ती म्हणाली, "दुखायला लागलं."

"काय?"

"करंगळी."

"मग चांगलं आहे," ऑर्व्हिल म्हणाला, आणि कॉफी ओतायला उठला.

शुक्रवारी सकाळी पोस्ट उघडून दहा मिनिटं झाली नसतील, तोवर अख्ख्या गावाला कळलं होतं. पर्लने काही रंगवलं नाही, गरजच नव्हती. लोक कारण नसताना दुकानात डोकावले. "नेडीन, तुझी आंघोळ राहिली म्हणे." "साबण आणून देऊ का?" ती मान हलवायची आणि काम करत राहायची. करंगळीला पट्टी बांधली होती, ती आत ठणकत होती, त्यामुळे पाना नीट धरता येत नव्हता.

दुपारी गर्दी सरल्यावर तिने तो हब धुतला. पिवळं ग्रीस चिंधीने पुसून काढलं, खटके एकेक करून बोटाने दाबून पाहिले, तेलाचे चार थेंब सोडले. मग भिंतीपाशी गेली. एकतीस नावांच्या खाली जागा होती. पेन्सिल डाव्या हातात धरून तिने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'ऑस्ट्रँडर, घरचं', आणि पुढे खूण केली.