राक्षसाला झोपवणारे अण्णा

श्री. बाळकृष्ण मगदूम, म्हणजे आपल्या सर्वांचे मगदूम अण्णा, यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला हातगाडीवर बसवले होते. लेखाची सुरुवात पहिल्या परिचयाने करावी असे या गौरवग्रंथाच्या संपादकांनी कळवले आहे, त्यामुळे हे सांगणे भाग आहे. मी मूळची नागपूरची. लग्नानंतर बेंगळुरूत सर्जापूर रोडला राहायला आले आणि एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून शोधून कंटाळले होते. एका थीम पार्कच्या कार्यशाळेला दिवे आणि मोटारी संगणकावरून चालवणारे माणूस हवे आहे असे कळले, तेव्हा बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवून मी यशवंतपूरच्या मागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पोचले. हातात प्रमाणपत्रांची जाड फाइल होती. अण्णांनी ती दोन्ही हातांनी आदराने घेतली, हातगाडीवर बांधलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवली, आणि म्हणाले, "रंग ओला आहे. आता बसा अक्का."

मी जेमतेम तिशीची, ते साठी ओलांडलेले, तरी मी अक्का. मला राग आला होता. पुढे कळले की ते शेजारच्या बालवाडीतल्या मुलीलाही अक्काच म्हणतात.

मग त्यांनी दिवे घालवले आणि स्वतः गाडी ढकलत मला शेडभर फिरवले. कुठे टॉर्च लागे, कुठे विझे. फेरी संपल्यावर विचारले, "काय बघितलासा?"

"एक दरवाजा. एक पोपट."

"आणि राजा?"

"राजा होता?"

"सरी," म्हणजे ठीक, असे म्हणून अण्णांनी कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या राजाकडे खिन्नपणे पाहिले. "ह्याला उद्या हलवायला पायजे." अशा रीतीने मला नोकरी मिळाली आणि राजाला नवी जागा. प्रमाणपत्रांवरचा हिरवा डाग अजून आहे.

ज्यांनी अण्णांचे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. डार्क राइड म्हणजे अंधारी इमारत. तिच्यात रुळांवरून छोट्या गाड्या फिरतात, आणि गाडीत बसलेल्या कुटुंबाला वळणावळणावर एका गोष्टीतले प्रसंग दिसतात. बहुतेक ठिकाणी त्यात भुते असतात, कारण भूत करणे सोपे. निपाणीत नाटकांचे पडदे रंगवत मोठे झालेले आणि त्याच कामासाठी बेंगळुरूला आलेले अण्णा गेली कित्येक वर्षे तिथे गोष्टी मांडत आले आहेत. पावसाला घरी बोलावणारी म्हातारी, शेपूट हरवलेला वाघ, भोपळ्यात राहणारे टपाल कार्यालय, हे सगळे त्यांच्या डोक्यातून निघालेले आहे. मी फक्त वाघाची शेपूट वेळेवर हलवली.

त्यांचे काही नियम होते. गोष्टीत एकही शब्द बोललेला नसावा, कारण एका गाडीत कन्नड आजोबा, तमिळ सून आणि इंग्रजीतून रडणारे नातवंड बसलेले असते. गोष्ट हातातला चहा निवायच्या आत संपली पाहिजे. आणि कोणतेही मूल रडत बाहेर येता कामा नये. आमचे मॅनेजर चेतन तरुण आणि हौशी आहेत. ते दर सहा महिन्यांनी सुचवत, "अण्णा, शेवटी एक भूत अंगावर सोडू या. व्हिडिओ चांगले येतात." अण्णा शांतपणे उत्तर देत, "घाबरवायला अक्कल लागत नाही, चेतन. भोंगा पुरतो. मला सांगा, तुम्ही शेवटचं कधी दचकलासा ते आठवतंय? आणि शेवटचं कधी पोटभर हसलासा?" चेतन यांना दोन्ही आठवत नसे, आणि बैठक संपे.

त्यांच्या प्रेमळपणाबद्दल एकच गोष्ट सांगते. माझी आई नागपूरहून आली होती. तिचे गुडघे दुखतात, पण हे वाक्य तिच्यासमोर कोणी उच्चारू शकत नाही. गाडीत चढताना ती अडखळली आणि "मला असल्या पोरखेळात रस नाही" असे म्हणून बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या गाड्यांना खाली एकेक रुंद पायरी लागलेली होती. अण्णांनी आईला निरोप धाडला की लहान मुलांसाठी पायऱ्या बसवल्या आहेत, मोठ्या माणसाने एकदा तपासून द्याव्यात. आईने तीन वेळा बसून तपासल्या. परत गेल्यावर आमच्या साऱ्या नातेवाइकांना तिने सांगितले की बेंगळुरूच्या त्या पार्कात तिचा सल्ला घेतात.

आता राक्षसाकडे वळते, कारण त्याच्याशिवाय हा लेख अपुरा राहील.

मागच्या वर्षी अण्णांनी नवी गोष्ट काढली. एका राक्षसाने गावाचा चंद्र उचलून नेला आहे आणि उशीखाली ठेवून तो झोपला आहे. आपण त्याच्या घरात शिरायचे, त्याच्या होडीएवढ्या चपलांजवळून, स्वयंपाकघरातून, जिन्यावरून त्याच्या पलंगापाशी जायचे आणि चंद्र घेऊन परतायचे. एकच अट: आवाज करायचा नाही. प्रत्येक गाडीत मी माइक बसवला. आवाज वाढला की राक्षस डोळा उघडणार, मान उचलणार, आणि चंद्र त्याच्याकडेच राहणार. मला स्वतःला ही रचना इतकी आवडली होती की मी घरी नवऱ्याला ती चार वेळा समजावून सांगितली.

या राइडवर बरेच काही अवलंबून होते. पार्कच्या मालकांना कोणीतरी पटवले होते की आता लोकांना डोळ्यांवर यंत्र चढवून खेळायचे खेळ हवेत. गोष्टी, पुठ्ठे, रंग यांचे दिवस गेले. मालक सज्जन, पण हिशेबी. त्यांनी स्पष्ट सांगितले होते की ही राइड लोकांना आवडली तर कार्यशाळा राहील, नाहीतर शेड त्या खेळांना जाईल. म्हणजे अण्णांबरोबर आमचे रंगारी, वेल्डर, साचे करणारे, मी, सगळेच घरी.

चाचणीसाठी अण्णांनी मोठ्या विश्वासाने आपल्या मराठी मंडळातल्या कुटुंबांना बोलावले. वाचकांपैकी बरेच जण त्यात होते, म्हणून मी नावे घेत नाही. एवढेच सांगते की एकही गाडी चपलांच्या पुढे शांत गेली नाही. सर्वांत मोठा आवाज "शू" म्हणणाऱ्यांचा होता. एका मातोश्रींनी मुलाला "गप्प बस" असे इतक्यांदा बजावले की मूल बिचारे गप्प असूनही राक्षस उठला. एका काकांचा फोन वाजला आणि त्यांनी तो घेतला: "हां, बोला. नाही नाही, मोकळाच आहे. राक्षसाच्या घरात आहे." कोणीतरी चिवड्याचे पाकीट फोडले. राक्षस इतक्या वेळा उठला आणि झोपला की त्याच्या मानेतली मोटार जळाली, आणि एक डोळा उघडा तो उघडाच राहिला. चंद्र कोणालाही मिळाला नाही. दोन मुले रडत बाहेर आली.

अण्णा दाराशी उभे होते. रडणाऱ्या मुलांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती मला आठवायला नको वाटते. मालक फक्त म्हणाले, "आणखी एक चाचणी घ्या, अण्णा." ते "आणखी एक" कसे म्हणाले, ते आम्हा सर्वांना नीट ऐकू आले.

मी उपाय सुचवले. माइक बोथट करू. चार भाषांत "शांतता राखा" अशा पाट्या लावू. अण्णा म्हणाले, "हॉस्पिटल करायचंय काय?" त्यांच्याजवळही दुसरे काही नव्हते. रोज सकाळी ते येत, राक्षसाच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसत आणि त्याच्याकडे बघत राहत. त्यांचे डोळे लाल दिसत. आम्हाला वाटले, काळजीने.

काळजी होतीच, पण कारण आणखी एक होते. त्यांच्या पत्नी कमलअक्का बहिणीच्या पायाच्या ऑपरेशनसाठी निपाणीला गेल्या होत्या. कमलअक्कांना ओळखत नाही असा माणूस आपल्या मंडळात नाही, कारण त्यांनी ज्याच्याशी गप्पा मारल्या नाहीत असा माणूस यशवंतपुरात नाही. भाजी, भाव, भाचीचे लग्न, समोरच्यांचा कुत्रा असे त्यांचे बोलणे सुरू असते आणि ऐकणाऱ्याने मधूनमधून मान हलवली की पुरते.

एका दुपारी अण्णा त्या खुर्चीत झोपले. शेजारी ग्राइंडर किंचाळत होता, पलीकडे हातोडा चालू होता, रंगाऱ्याच्या फोनवर क्रिकेटची कॉमेंटरी लागली होती. अण्णा बाळासारखे झोपले होते. तेवढ्यात वीज गेली. ग्राइंडर थांबला, वायफायबरोबर कॉमेंटरीही गेली, बाकीच्यांनीही हातचे काम ठेवले, शेड गप्प झाली. अण्णा ताडकन उठून बसले.

"काय झालं? गप्प का झालासा?"

मी म्हटले, "अण्णा, एवढ्या गोंगाटात झोपलात, आणि शांत झाल्यावर उठलात?"

"तसंच आहे गं माझं," ते ओशाळून म्हणाले. "आमची ही सैपाकघरातनं बोलत असतीया, मी इकडं झोपतो. ती थांबली की मला जाग येतीया. मग ती विचारतीया, ऐकत होतासा काय? मी म्हणतो, हौदु. परत सुरू. आता ती निपाणीला. घर असं गप्प पडलंय, की डोळ्याला डोळा लागंना." मान वळवून त्यांनी त्या एक डोळा उघडा ठेवून पडलेल्या राक्षसाकडे बराच वेळ पाहिले.

"मृणालक्का," ते हळूच म्हणाले, "हा पण एकटाच राहतोय की."

मला नंतर पुष्कळ लोकांनी विचारले की ती कल्पना सुचली कशी. ती अशी सुचली. राक्षस आवाजाने उठत नाही. घर गप्प झाले की उठतो. लोक बोलत राहिले तर तो झोपणार, आणि चंद्र आपला. मी प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी "जास्त" होते तिथे "कमी" केले, आणि माझे काम चहाच्या आधी संपले. राक्षसाच्या मानेत नवी मोटार बसली, उघडा डोळा मिटला, आणि अण्णांनी दाराशी एक लाकडी मैना आणि तिच्या शेजारी एक छोटा पुठ्ठ्याचा राक्षस बसवला. ती किलबिलते तोवर तो घोरतो, ती थांबली की त्याचा डोळा उघडतो. कोणत्याही भाषेची गरज उरली नाही.

दुसऱ्या चाचणीला तीच कुटुंबे आली. मालक आले, चेतन आले, त्याच सकाळी निपाणीहून परतलेल्या कमलअक्काही आल्या. तरीही दारावरच्या माणसाने सगळ्यांना बजावले, "माताडि, माताडि, बोलत राहा." गाड्या आत शिरल्या आणि आपली ही मंडळी, जी पहिल्या खेपेला एक क्षण गप्प बसली नव्हती, ती तोंडाला कुलूप लावून बसली. बोला म्हटल्यावर कोणाला काही सुचेना. माझ्या पडद्यावर माइकच्या रेषा सपाट पडल्या. राक्षसाची पापणी हलू लागली. चेतन यांनी डोळे मिटून घेतले.

पहिल्या गाडीत कमलअक्का होत्या, शेजारी अण्णा. अंधारातून अक्कांचा आवाज आला. "भांडी तशीच टाकून झोपलाय बघा मेला." मग थोड्या वेळाने, "ह्यो पडदा कुणी शिवलाय? शिवण उलटी हाय की." पलंगापाशी आल्यावर तर त्यांना राहवेना. "एवढा मोठा देह, आणि उशीला अभ्रा नाही. कुणी बघायला नाही वाटतं बिचाऱ्याला."

मागच्या गाडीतून कोणीतरी हसले. कोणीतरी म्हणाले, "अक्का, आमच्याही घरी असंच आहे." मग जे बोलणे सुटले ते थांबलेच नाही. बाल्कनीचे दार कोणी उघडे टाकले यावरून एका जोडप्याचे भांडण जुंपले, आणि राक्षस आणखी गाढ घोरू लागला. प्रत्येक गाडीला चंद्र मिळाला. मुले बाहेर आली ती बोलतच, आणि त्यांच्याबरोबर मोठी माणसेही. मालक स्वतःच्या मुलाशी काहीतरी बोलत बाहेर पडले आणि जाता जाता आम्हाला म्हणाले, "शेड तुमचीच."

ही बातमी सांगायला मी पहिल्या गाडीकडे धावले. कमलअक्कांचे बोलणे अजून चालू होते. अण्णा त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. चंद्र त्यांच्या मांडीवर होता. कितीतरी आठवड्यांत त्यांना तशी झोप लागली नव्हती. अक्कांनी मला बोटाने खूण केली आणि न थांबता बोलत राहिल्या, कारण थांबल्या असत्या तर ते उठले असते. स्वतःची ती राइड अण्णांनी अजून एकदाही शेवटपर्यंत पाहिलेली नाही. दर खेपेला जिन्यापाशी त्यांचा डोळा लागतो.

माझे त्यांच्यावर फार प्रेम आहे. हे समोरासमोर सांगितले असते तर ते "स्वल्प चहा घे" म्हणून उठले असते, म्हणून इथे लिहिते.

हा ग्रंथ ज्या समारंभात त्यांच्या हाती पडेल, तिथे ते पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर असतील. भाषणे होतील, आणि दुसऱ्या वक्त्याच्या सुमारास अण्णा झोपी जातील. वक्त्यांना विनंती आहे की त्यांनी अपमान मानू नये, आणि मुख्य म्हणजे बोलणे थांबवू नये. अण्णांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. पुढची पुष्कळ वर्षे त्यांच्या डोक्यातून नव्या गोष्टी निघोत, गुडघे शाबूत राहोत, हाताचा रंग कधी वाळू नये. आणि त्या सगळ्या वर्षांत, ते डोळे मिटतील तेव्हा, स्वयंपाकघरातून कमलअक्कांचा आवाज येत राहो.