विमलकाकूंचे कालवे

विमलकाकू कुणालाही शहर दाखवायला निघाल्या की आधी त्याच्या पायांकडे बघत. "या बुटांत बर्मिंगहॅम दिसत नाही," म्हणत आणि त्याला सरळ घरी बूट बदलायला पाठवत.

काकू प्रायमरी स्कूलमधून रिटायर झालेल्या. नवरा गेल्यावर त्यांनी नवीन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला कालव्यांच्या काठाने दिवसभर हिंडवायचं काम अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. "व्हेनिसपेक्षा जास्त कालवे आहेत आपल्याकडे!" हे त्या अशा थाटात सांगत, की जणू स्वतः खणलेत. दमलेल्यांसाठी त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "पाय दुखायला लागले की समजायचं, शहर कळायला लागलं."

आई-बाबा नागपूरहून आले, तेव्हा मला काकू नकोच होत्या. मी त्यांना न विचारता इथे घर घेतलंय, हे मी विमानतळावरून येताना सांगितलं आणि बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. जेवताना मीठ हवं असलं तरी ते आईकडे मागत. अशात काकूंचा फोन आला. "सॅटर्डेला सकाळी तयार राहा." आईनं गुडघ्यांचं निमित्त करून अंग काढून घेतलं. आम्ही दोघं सापडलो.

बाबांनी मोबाईल बाहेर काढला की काकूंची छत्री वर व्हायची. "फोटो नंतर. आधी डोळे वापरा, देशमुख." बाबा पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. कालवा म्हणजे काय, हे त्यांना काकूंनी तीन वेळा समजावलं.

"मॅडम, मी जन्मभर कालवेच..."

"मधे बोलू नका हो, पुढे लॉक येतंय."

लॉक म्हणजे बोटी वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवायची दारं. ती एकामागून एक येतच राहिली. कॅफे दिसला की काकू पाय उचलत. "चहा चार वाजता!" माझं डोकं ठणकत होतं. शेवटी एका दाराच्या लांब लाकडी तुळईवर बाबा धपकन बसले. काकूंना पत्ताच नव्हता. त्या बोलत बोलत वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या.

"बाप्पा! ही बाई थकत नाही काय?" बाबा म्हणाले. माझ्याशी.

"नाही. आणि अजून अर्धं शहर बाकी आहे."

बाबांनी असा काही चेहरा केला की मला हसू फुटलं. मग तेही हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

"तुझं ते घर," ते जरा वेळानं म्हणाले, "पाण्यापासून किती लांब आहे? भिंतींना ओल येते काय?"

"थोडी येते. उद्या दाखवते."

"उद्या कशाला? आत्ताच चल. इथून सुटका तरी होईल."

तेवढ्यात काकू तरातरा परत आल्या. "मी इतका वेळ बदकांना इतिहास सांगत होते का?" घराचं कळताच त्यांनी छत्री मिटली. "चला, मीही येते!"

रिकाम्या घरात दोघं ओलीवरून कडाकडा भांडले. बाबा म्हणत, पाणी खालून चढतंय. काकू म्हणत, पन्हळ फुटलीय. निघताना बाबांनी प्रत्येक खिडकी उघडून नीट बंद केली आणि मला म्हणाले, "रंग देण्याआधी मला विचारशील."

विमानतळावर त्यांनी काकूंना बजावलं, "आता नागपूरला या. मी दाखवतो तुम्हाला शहर." त्यात सूड होता. काकू पुढच्याच हिवाळ्यात नागपूरला पोचल्या. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. "अगं, ही बाई मलाच माझं नागपूर दाखवतेय! सकाळपासून बसू दिलं नाही!"

या मार्चमध्ये काकू झोपेतच गेल्या. मी बाबांना कळवलं.

"झोपेत?" ते म्हणाले. "मला वाटायचं, ती बाई झोपतच नसेल."

आणि त्यांनी फोन आईकडे दिला.