रेषा नसलेला अंगठा

नालोंगोच्या टपरीवर कुणी पैसे भरायला आलं की ती आकडा नंतर विचारायची. आधी विचारायची, "नाव कुणाचं येतंय?"

प्रश्न रास्तच होता. त्या नाक्यावर फोन एकाचा आणि सिम दुसऱ्याच्या नावावर, हे इतकं रोजचं होतं की त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ओळखपत्र नसेल त्याला सिम मिळत नाही, आणि ओळखपत्र मिळवायचं तर तालुक्याला चार खेपा. मग मावशीच्या नावावर घ्या, शेजाऱ्याच्या नावावर घ्या. बोडा चालवणारा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल हाकणारा सेब्बाले हा मिशाळ गडी पैसे भरायला यायचा, तेव्हा नालोंगोच्या फोनवर नाव उमटायचं 'ग्रेस'.

"या ग्रेसबाई," नालोंगो म्हणायची, "आज किती टाकायचे?"

"बहिणीचं नाव आहे ते, किती वेळा सांगू!"

"मिशा पण बहिणीच्याच का?"

नालोंगोचं खरं नाव नाल्वोगा. पण जुळ्या मुली झाल्या आणि जुळ्यांच्या आईला त्या मुलखात नालोंगोच म्हणतात, त्यामुळे खरं नाव ओळखपत्रावरच राहिलं. चौदा वर्षं तिने याच नाक्यावर टोमॅटो विकले. मग मोबाइल मनी आलं, आणि टोमॅटो नासतात, पैसे नासत नाहीत एवढा साधा विचार करून तिने टपरी टाकली. तिच्याकडे गल्ले दोन, एक फोनमधला आणि एक बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातला. कुणी रोख आणून दिली की डबा भरायचा आणि फोनमधली रक्कम तेवढी उतरून त्या माणसाच्या फोनवर जायची. कुणी पैसे काढले की ती रक्कम नालोंगोच्या फोनवर यायची आणि डबा रिकामा व्हायचा. सगळा धंदा एवढाच. पण दोन्ही गल्ले दिवसभर तोलून धरायला डोकं लागतं, आणि ते नालोंगोकडे होतं. तिला ते माहीतही होतं, आणि त्याबद्दल ती उगाच लाजत नसे.

एका बाबतीत मात्र ती हट्टी. प्रत्येक व्यवहाराची वहीत सही किंवा अंगठा घ्यायचा, असा नियम आहे. बाकीचे एजंट रात्री घरी बसून स्वतःच रेघोट्या ओढतात. नालोंगो शाईची डबी पुढे सरकवायची. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "बोट काळं होईल, तोंड नाही होणार."

जाजा एसेझाचा अंगठा त्या वहीत तीन वर्षांत सदतीस वेळा उमटला होता. जाजा म्हणजे आजी, आणि एसेझा सगळ्या नाक्याचीच आजी होती. वय पंचाहत्तर की ऐंशी ते तिलाही ठाऊक नाही. जन्मभर कॉफीची फळं तोडून, कुदळ मारून, राखेने भांडी घासून तिच्या बोटांवर एक रेष उरली नव्हती. ओळखपत्राच्या शिबिरात मशीनने तिला चार वेळा नाकारलं. "देवानं मला पाठवलंय हेच त्या डबड्याला पटत नाही," असं म्हणत ती घरी आली. तेव्हा तिचा दीर लुबोवा म्हणाला होता, "वहिनी, माझ्या नावावर सिम घे. आपण एकाच घरचे." नवरा तेव्हा होता. पुढे नवरा गेला, आणि दिराचं ते 'एकच घर'ही त्याच्याबरोबर गेलं. केळीच्या बागेच्या बांधावरून बोलणंही बंद झालं.

जाजाने पैसे साठवणं थांबवलं नाही. कॉफीचे, डुकराच्या पिलांचे, चटया विणल्याचे, असे आठ लाखांवर शिलिंग त्या सिमवर जमले. त्यातून वीस पत्रे यायचे होते. जुनं छप्पर एवढं गंजलं होतं की झोपल्या जागेवरून तारे दिसायचे. नालोंगोने तिला मागे सांगितलं होतं, "पिन तुझ्या डोक्यात आहे ना जाजा? मग कुणाचा बाप पैसे काढतो बघू."

ते वाक्य नालोंगोला एका मंगळवारी सकाळी आठवलं.

जाजा फोन घेऊन आली होती. पत्रेवाल्याला आगाऊ पैसे द्यायचे होते आणि फोन मुका झाला होता. नालोंगोने गुडघे टेकून तिला नमस्कार केला, मग फोन हातात घेतला. स्वतःच्या फोनवर रेंज भरलेली, जाजाच्या फोनवर एक काडी नाही. तिने आपल्या फोनवरून जाजाचाच नंबर लावला. जाजाचा फोन गप्प, आणि नालोंगोच्या कानात मात्र घंटी वाजत होती.

"कोण?" पलीकडून लुबोवाचा आवाज आला. मागे टॅक्सीवाला गावांची नावं ओरडत होता.

"चुकून लागला, साहेब," नालोंगो गोड आवाजात म्हणाली आणि फोन ठेवला.

सगळं लख्ख झालं. लुबोवा मसाका शहरात गेला होता. 'माझं सिम हरवलं' म्हणून ओळखपत्र दाखवलं आणि त्याच नंबरचं नवं सिम घेतलं. नवा पिनही तोच ठरवणार. कंपनीला फोन करावा, तर तिथली मुलगी पहिलं नाव विचारणार, आणि नाव लुबोवाचंच. एवढंच बरं होतं की नव्या सिमवर पैशांचं काम दुपारपर्यंत सुरू होत नाही. शहरात तोपर्यंत थांबायचं तर जेवणाचे पैसे पडले असते, आणि लुबोवा जेवणावर पैसे घालवणारा माणूस नव्हता; पैसे काढायला तो इकडेच येणार.

"माझे पत्रे गेले का ग?" जाजाने विचारलं.

नालोंगोला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. "नाही गेले," ती म्हणाली. "मी शब्द दिलाय. तू आत येऊन बस, आणि काही झालं तरी हूं की चूं करायचं नाही."

मग तिने मसाकाहून येणाऱ्या रस्त्यावरच्या अकरा टपऱ्यांना अकरा फोन केले. "लुबोवा आठ लाख काढायला येईल. म्हातारीचे आहेत. काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे."

त्यांना माहीत होतं. 'रोकड संपली' हे वाक्य एजंटला शिकवावं लागत नाही.

पुढची हकीकत सेब्बालेने महिनाभर रंगवून सांगितली, कारण लुबोवाला बोडावर तोच फिरवत होता. पहिल्या टपरीवर रोकड संपलेली. दुसरीवर आताच संपलेली. तिसरीचा कवूमा तर रिकामा डबा उलटा करून दाखवत होता, आणि नोटांच्या गठ्ठ्यावर स्वतः बसला होता. अकराव्या टपरीवाल्याने हळहळत सांगितलं, "एवढी रक्कम एका नालोंगोकडेच असते बघा, काका."

लुबोवाने दोन क्षण विचार केला. मग म्हणाला, "चल. नाव माझं आहे. मी कुणाला भितो?"

चारच्या सुमाराला तो टपरीसमोर उतरला. बाहेर आंब्याखाली गावचे चेअरमन कायीवा रोजच्यासारखे ओम्वेसो खेळाच्या पटावर बिया फिरवत बसले होते. टपरीच्या आत, पडद्यामागे, पोत्यावर जाजा शेंगा सोलत होती. लुबोवा वयाने मोठा, म्हणून नालोंगो बाहेर आली, गुडघे टेकले, घरच्यांची खुशाली विचारली. रीत म्हणजे रीत. मग आत जाऊन खिडकीत बसली.

"आठ लाख आहेत का?" लुबोवाने विचारलं.

"आहेत की. नाव कुणाचं येतंय?"

"माझं. लुबोवा. ओळखपत्र बघायचंय?"

"तुम्हाला कोण ओळखत नाही? माझा नंबर टाका, आकडा टाका, पिन टाका."

त्याने फोन पोटाशी धरून पिन टाकला. नालोंगोचा फोन थरथरला. पैसे आले होते. तिने मेसेज दोनदा वाचला, डबा उघडला आणि नोटा सावकाश मोजल्या. लुबोवाने हात पुढे केला.

ती उठली, पडद्याकडे वळली, गुडघ्यांवर बसली आणि नोटा दोन्ही हातांनी जाजाच्या ओटीत ठेवल्या.

लुबोवाचा हात तसाच खिडकीत राहिला. मग तो ओरडला. चोर म्हणाला, चेटकीण म्हणाला, आणखी बरंच म्हणाला. "पैसे माझ्या नावावरून निघालेत!"

"तुमचं नाव तुमच्याकडेच आहे, काका," नालोंगो म्हणाली. "त्याला कुणी हात लावलाय का?"

चेअरमन पट सोडून आले. "काय ग, काय भानगड?"

तिने वही त्यांच्यापुढे ठेवली. त्या नंबरावर भरलेला प्रत्येक पैसा, तीन वर्षांचा, तारखेनिशी. समोर अंगठा. चेअरमननी चष्मा लावून पानं उलटली. प्रत्येक ओळीसमोर काळा, गुळगुळीत डाग होता, त्यात एकही रेष नव्हती.

"हे अंगठे आहेत होय?" लुबोवा हसला. "नुसती शाई सांडलीय! असा अंगठा कुणाचा असतो?"

"आम्हीही तेच विचारतोय," चेअरमन म्हणाले. "आण इकडे बोट."

त्यांनी लुबोवाचा अंगठा शाईत बुडवून कोऱ्या ओळीवर दाबला. रेषा लख्ख उमटल्या, एकेक मोजून घ्यावी अशी. मग जाजा बाहेर आली. न सांगताच तिने शेजारी अंगठा टेकवला. काळा, गुळगुळीत डाग. अडतिसावा.

चेअरमननी दोन्ही डागांकडे पाहिलं आणि वही बंद केली. "पोलिसात जायचंय, लुबोवा? चल, मीही येतो. ही वही मी धरतो."

लुबोवा बोडाकडे वळला, तर सेब्बाले हात पसरून उभा. "अकरा टपऱ्या आणि ही बारावी, काका. भाडं?"

जाजा अजून अंगठ्याकडे बघत होती. "मशीन म्हणालं होतं, ही बाई कुणीच नाही," ती म्हणाली.

"मशीनला तू चारदा भेटलीस," नालोंगोने फडक्याने तिचं बोट पुसलं. "मला अडतीस वेळा. चल, पत्रेवाला दुकान बंद करेल."