स्क्रीनवरचा पिवळा

किस्से लिहून ठेवायचे म्हणतो, तोवर ऑफिसात नवा घडलेला असतो! इकडे उत्तरेत, गोमती नगरात आमची छोटी कंपनी, कॉलेजांसाठी सायन्सची सॉफ्टवेअरं करतो. हे सगळे एकाच प्रोजेक्टमधले. प्रकाशाची तरंगलांबी टाइप केली की स्क्रीनवर तोच रंग दिसला पाहिजे. गणित माझं, डिझाइन फरहीनचं, आणि दोघांच्या डोक्यावर मिश्राजी.

*

पहिल्याच दिवशी रंगपट्टीत हिरव्या-निळ्याच्या मधोमध गुलाबी डाग उमटले. फरहीन म्हणाली, "कुलकर्णीजी, बीच में होली किसने खेल ली?"

तिथे लाल रंगाचं उत्तर शून्याच्या खाली येत होतं, आणि प्रोग्राम उणे आकडा उलटवून भरपूर लाल ओतत होता.

"माइनस लाल? वो कैसा दिखता है?" मिश्राजींनी विचारलं.

"स्क्रीन दिखा ही नहीं सकती, सर."

"तो ज़ीरो कर दो यार!"

पुस्तकातला सोपा उपायही तोच निघाला! मिश्राजी दिवसभर कॉलर ताठ करून फिरले.

*

घरी आठवीतल्या सईला दाखवलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

"बघ, जांभळा कसा आलाय!"

"बाबा, ये तो नीला है." तिने फ्रिजमधून वांगं आणून स्क्रीनला टेकवलं!

कोणत्या तरंगलांबीला किती लाल-हिरवा-निळा, तो तक्ता उघडला. जांभळ्याच्या टोकाला लाल पुन्हा थोडासा डोकावतो; तोच मी गाळला होता. ऑफिसात त्या दुरुस्तीचं नाव 'बैंगन पॅच'!

*

"लाल के आगे स्क्रीन काली क्यों है?" मिश्राजी.

"सर, इन्फ्रारेड. आँख को दिखता नहीं."

"मतलब काला भी सही चल रहा है?"

"जी."

पुढच्या प्रत्येक डेमोत तो काळा भाग मिश्राजींनी सगळ्यात अभिमानाने दाखवला!

*

शेवटचा डेमो कॉलेजात, फिजिक्सच्या निगम सरांसमोर. त्यांनी नाही म्हटलं की सहा महिन्यांचं काम पाण्यात. सरांनी सोडियमचा खरा दिवा लावला, शेजारी आमचा पिवळा. हुबेहूब!

मग त्यांनी पिशवीतून प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारी नळी काढली. आधी दिव्याकडे धरली, मग स्क्रीनकडे.

"अरे, इसमें पीला है ही नहीं! सिर्फ़ लाल और हरा है!"

मिश्राजींचा चेहरा पडला.

फरहीन शांतपणे म्हणाली, "सर, नली हटाकर देखिए."

सरांनी नळी खाली ठेवली. दिव्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं. चष्मा पुसून परत पाहिलं.

"वाह भई! क्या सफ़ाई से झूठ बोला है! पास!"