खिळ्याने पाडलेली भोकं

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस. दर शनिवारी दुकानाला लिंबू-मिरची टांगणाऱ्या शेजाऱ्याला मी कायम चिडवायचो... हल्ली चिडवत नाही.

जुन्या पनवेलमध्ये आमचं चामड्याच्या कामाचं दुकान आहे, बाबांच्या वेळचं. आता मी आणि दादा, माझा मोठा भाऊ, चालवतो. राहायला करंजाड्याला. सिनेमा-मालिकांचं सामानही आम्ही बनवतो. गेल्या वर्षी ऑर्डर आली – शंभरेक वर्षांपूर्वीच्या गोऱ्या सोल्जरांचे वीस कमरपट्टे. नमुन्याला त्यांनी एक अस्सल पट्टा दिला, कळंबोलीच्या भंगारात सापडलेला. रुंद तपकिरी चामडं, पितळी बकल, आतून सरकारी बाणाचा शिक्का. तो त्यांच्या हिरोला घालायचा होता, पण वाळून कडक झालेला. नरम करून द्या म्हणाले.

त्याला कारखान्याची भोकं एका रेषेत होती. पण त्यांच्यापुढे आणखी तीन – वाकडीतिकडी, खिळ्याने पाडलेली. आणि पट्ट्याचं टोक कुरतडलेलं.

"बारीक होत गेला बिचारा," दादा हसला. "टोक उंदरांनी खाल्लं असेल."

आमच्याकडे पट्टा नरम करायची एक पद्धत आहे. एरंडेल चोळायचं आणि दोन-तीन दिवस माणसाच्या अंगावर ठेवायचा. पुतळ्यावर नाही. अंगाच्या उबेने चामडं माणसाचा आकार घेतं. बाबांनी शिकवलेलं. फक्त ते नव्या चामड्यासाठी होतं, आणि या चामड्याने कुणाचा तरी आकार आधीच घेतलेला होता. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. हिरोसारखीच चाळीसची कमर दादाची, म्हणून मीच त्याला म्हणालो, "घाल रे, दोन दिवसांचा प्रश्न आहे."

चौथ्या दिवशी पट्टा दोन भोकं आत गेला होता. चामडं सैल पडलं असेल, असं मला वाटलं. पण दादाची पँटही घसरत होती. आणि खाणं तर दुप्पट... एका बैठकीला आठ भाकऱ्या.

वहिनी उरणकडची. ती रडकुंडीला आली. "भावजी, एवढं खातान, मंग जातंय कुटं? आंगाला काय लागतच नाय!"

डॉक्टर झाले, सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट नॉर्मल. पट्टा मात्र दादा अंगावरून काढेना, अजून कडक आहे म्हणायचा.

मग एका दुपारी मी चहा घेऊन दुकानात आलो, तर दादा खाली मान घालून बसलेला. पट्ट्याचं टोक त्याच्या तोंडात होतं आणि तो चावत होता, सावकाश, मन लावून. मी ओरडलो तसा दचकला.

"भूक लागली होती रे," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

मी पट्टा हिसकावून घेतला. त्या लोकांना दुसरा करून दिला, पैसे परत केले. हा जाळायलाच काढला होता, पण वहिनीने हात धरला. "जालला आनि यांनाच काय झालं तर?" ... माझाही धीर झाला नाही. पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात.

तरी दादा खंगतच राहिला. बरोबर तीस इंचांवर थांबला. मी पट्टा काढून मोजला – खिळ्याचं तिसरं भोक तिसावर होतं. शेवटचं भोक. चला, इथे संपलं, असं म्हणून मी त्या दिवशी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवलो.

गेल्या मंगळवारी पेटी उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं. पट्ट्याला चौथं भोक होतं... वाकडं, आणि कडेचं चामडं आतून फिकट, ताजं.

या सगळ्याचा अर्थ मला लागलेला नाही. कुणाला लागला तर कळवा, मी हात जोडतो. एवढंच माहीत आहे की तो पट्टा माझ्या भावाला मी घालायला लावला.

आज सकाळी टेप घेऊन त्याची कमर मोजली. साडेएकोणतीस.

"किती रे?" दादाने विचारलं.

"तीसच आहे," मी म्हणालो आणि टेप गुंडाळून ठेवली.